रॉबर्ट सापोल्स्की यांची २५ व्याख्याने: सीमाभागातील विद्यार्थ्यांनी ती कशी पाहावीत

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापक रॉबर्ट सापोल्स्की यांनी २०१० साली शिकवलेला ‘ह्यूमन बिहेवियरल बायॉलॉजी’ हा अभ्यासक्रम, म्हणजे माणसाच्या वर्तनामागचे जीवशास्त्र उलगडणारी २५ व्याख्याने, विद्यापीठाने वर्गातच चित्रित करून यूट्यूबवर विनामूल्य ठेवली आहेत. त्यासाठी नावनोंदणी नाही, शुल्क नाही, परीक्षा नाही आणि प्रमाणपत्रही नाही. खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवून निवृत्त झाल्यानंतर मी ही व्याख्याने प्रथम एकट्याने आणि नंतर गावच्या वाचनालयात पी.यू.सी. (कर्नाटकातील अकरावी-बारावी) व बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांसोबत पाहिली. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील मराठी मुलांनी आणि त्यांच्या शिक्षकांनी यासाठी वेळ काढावा का, आणि काढायचा तर कोणत्या तयारीने, या प्रश्नाचे उत्तर मला येथे द्यायचे आहे.

वेळ अवश्य काढावा, असे माझे स्पष्ट मत आहे; पण दोन गोष्टी सोबत वाचल्याशिवाय ही मालिका अर्धीच राहते. पहिली गोष्ट म्हणजे व्याख्यात्याची स्वतःची संशोधक म्हणून झालेली वाटचाल, आणि दुसरी म्हणजे ताण व स्मृती याच विषयावर आपल्याच राज्यात, बेंगळूरला झालेले काम. हे व्याख्याते फळ्यासमोर उभे राहून जे सांगतात त्यातला काही भाग त्यांनी स्वतःच्या हाताने शोधून काढलेला आहे आणि काही भाग त्यांच्या गुरूने शोधलेला आहे; पण वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याला कोणता भाग कोणाचा हे प्रत्येक वेळी कळतेच असे नाही. आमच्या मुलांना मी तो इतिहास आधी सांगितला, आणि मग त्यांच्या प्रश्नांत लगेच फरक पडला.

सापोल्स्की यांचा जन्म १९५७ सालचा, न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनचा. हार्वर्ड विद्यापीठातून १९७८ साली जैविक मानवशास्त्राची पदवी घेतल्यावर ते केनियात बबून जातीच्या माकडांच्या अभ्यासासाठी गेले, आणि पुढे रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मॅक्युएन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी पीएच.डी. केली. मॅक्युएन यांचे नाव मालिका सुरू करण्यापूर्वी मुलांना माहीत असले पाहिजे. १९६८ साली मॅक्युएन, वाइस आणि श्वार्ट्झ या तिघांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथी काढून टाकलेल्या उंदरांना त्यांनी किरणोत्सर्गी खूण असलेले कॉर्टिकोस्टेरॉन, म्हणजे उंदरांच्या शरीरातील ताणाचे मुख्य संप्रेरक, टोचले आणि ते मेंदूच्या कोणत्या भागात धरून ठेवले जाते हे तपासले. त्या काळच्या समजुतीप्रमाणे, संप्रेरकांवर नियंत्रण ठेवणारा हायपोथॅलॅमस हा मेंदूचा भाग त्याचे ठिकाण ठरायला हवा होता. प्रत्यक्षात ते सर्वाधिक सापडले हिप्पोकॅम्पसमध्ये.

हिप्पोकॅम्पस हा नव्या आठवणी तयार होण्यासाठी अत्यावश्यक असलेला भाग आहे, हे त्याआधी अकरा वर्षे, १९५७ साली, विल्यम स्कोव्हिल आणि ब्रेंडा मिल्नर यांनी ‘एच. एम.’ या रुग्णावर लिहिलेल्या निबंधामुळे कळले होते. अपस्मारावरील उपाय म्हणून या रुग्णाच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हा भाग शस्त्रक्रियेने काढल्यावर त्याची बुद्धी शाबूत राहिली, जुन्या आठवणीही बऱ्याच राहिल्या, पण नवीन काहीही त्याच्या मनात टिकेना. म्हणजे ज्या जागी आठवण घडते त्याच जागी ताणाचे संप्रेरक जाऊन बसते, हे १९६८ च्या प्रयोगाने दाखवले, आणि तोवर दोन वेगळ्या विभागांत शिकवले जाणारे ताण व स्मृती हे विषय तेथून एकत्र आले. सापोल्स्की यांचे प्रयोगशाळेतील पुढचे बरेचसे संशोधन या एका निरीक्षणावर उभे आहे.

१९८५ साली त्यांनी क्रे आणि मॅक्युएन यांच्यासह असे दाखवले की उंदरांना दीर्घकाळ कॉर्टिकोस्टेरॉन दिले असता हिप्पोकॅम्पसमधील चेतापेशींची संख्या घटते. पुढच्याच वर्षी त्यांनी या निष्कर्षाची सांगड वार्धक्याशी घातली. हिप्पोकॅम्पस ताणाच्या संप्रेरकाला आवर घालण्याचेही काम करतो. त्या संप्रेरकाच्या अतिरेकाने हिप्पोकॅम्पस दुबळा झाला की आवर सुटतो, संप्रेरक आणखी वाढते आणि हानीही वाढते, असे ते चक्र. १९८७ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्यांना अमेरिकेतील मानाची मॅकआर्थर शिष्यवृत्ती मिळाली, ती या कामाच्या उमेदीच्या काळात.

यानंतर जे घडले ते मला विद्यार्थ्यांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे वाटते. १९९२ साली मॅक्युएन यांच्याच प्रयोगशाळेत वातानाबे आणि एलिझाबेथ गुल्ड यांनी उंदरांना २१ दिवस रोज काही तास जखडून ठेवले, आणि हिप्पोकॅम्पसच्या एका विशिष्ट पट्ट्यातील चेतापेशींच्या शाखा आखडलेल्या त्यांना दिसल्या. पेशी मेलेल्या नव्हत्या, त्यांचा विस्तार कमी झाला होता. आणि ताण थांबल्यावर या शाखा पुन्हा वाढू शकतात हेही नंतरच्या प्रयोगांत आढळले. त्यामुळे नेहमीच्या ताणाने पेशी मरतात, या आधीच्या ठळक चित्राला मर्यादा पडली. २००२ साली गिल्बर्टसन आणि सहकाऱ्यांनी व्हिएतनाम युद्धातील सैनिकांचा अभ्यास त्यांच्या एकसारख्या जुळ्या भावांसोबत केला. युद्धाच्या आघाताने आजारी झालेल्या सैनिकाचा हिप्पोकॅम्पस लहान होता, पण युद्धावर कधीही न गेलेल्या त्याच्या जुळ्या भावाचाही तो तसाच लहान निघाला. म्हणजे निदान त्या रुग्णांत लहान हिप्पोकॅम्पस हा आघाताचा परिणाम असण्यापेक्षा आघाताने खचण्याची पूर्वतयारी असण्याची शक्यता पुढे आली. हा सगळा प्रवास ठाऊक असला, की ‘ताणाने मेंदू आक्रसतो’ हे समाजमाध्यमांवर सर्रास फिरणारे वाक्य विद्यार्थी तपासून पाहू लागतो. कोणत्या प्राण्यात, किती दिवसांच्या ताणाने, मेंदूच्या कोणत्या भागात आणि परत भरून येणारे की न येणारे, असे तो विचारतो. शिक्षक म्हणून मला याहून अधिक काही नको आहे.

केनियातील कामाची बाजू निराळी आहे. प्रयोगशाळेत आणि रानात अशा दोन्ही ठिकाणी दशकानुदशके काम करणारे मेंदूशास्त्रज्ञ फार थोडे. सापोल्स्की दरवर्षी काही महिने मसाई मारा परिसरातील बबूनांच्या कळपांमागे राहत. माकडाला नळीतून फुंकून मारलेल्या बाणाने बेशुद्ध करायचे आणि रक्ताचा नमुना घ्यायचा, हे ऐकायला सोपे आहे. पण माकडाला सुगावा लागता कामा नये, त्या दिवशी त्याची कोणाशी मारामारी झालेली असता कामा नये, वेळ दिवसाची ठरावीकच असली पाहिजे आणि रक्त काही मिनिटांतच घेतले पाहिजे, नाहीतर मोजायचे ते संप्रेरक पकडण्याच्या धसक्यानेच वाढते. या शिस्तीतून जे निष्कर्ष निघाले त्यांनी सोप्या समजुतींना धक्का दिला. कळपातील उतरंड स्थिर असताना खालच्या पायरीवरील नरांच्या रक्तात विश्रांतीच्या वेळीही ताणाचे संप्रेरक अधिक असे. पण उतरंड ढासळून रोज नवी भांडणे सुरू झाली की वरच्या पायरीवरील नरांची पाळी येई. आणि दोन्ही स्थितींत ज्याला सोबती होते, जो इतरांसोबत बसत-उठत असे, त्याची प्रकृती तुलनेने बरी राही.

१९८० च्या दशकात त्यांच्या एका कळपातील आक्रमक नर शेजारच्या पर्यटक निवासाच्या उकिरड्यावरील मांसासाठी भांडायला जात. ते मांस क्षयाने दूषित होते आणि कळपातील जवळजवळ निम्मे नर, नेमके तेच आक्रमक नर, दगावले. उरलेल्या कळपाची वागणूक मवाळ झाली. वर्षे लोटली, त्या वेळचे नर एकही उरले नाहीत, बाहेरून नवे आले, तरी ती मवाळ रीत टिकून राहिली आणि तळाच्या नरांमध्ये नेहमी दिसणारी ताणाची लक्षणे त्या कळपात आढळली नाहीत. सापोल्स्की आणि लिसा शेअर यांनी हे २००४ साली प्रसिद्ध केले. आमच्या वाचनालयात या एका गोष्टीवर जितकी चर्चा झाली तितकी दुसऱ्या कशावरही झाली नाही.

आता प्रत्यक्ष व्याख्यानांविषयी. शिकवणे उत्तम आहे, आणि ते उत्तम का आहे हे पहिल्याच व्याख्यानात कळते. माणसाचे वर्तन कोणी जनुकांच्या, कोणी संप्रेरकांच्या, कोणी बालपणाच्या, तर कोणी उत्क्रांतीच्या खणात टाकून मोकळा होतो. त्या खणांत अडकल्यामुळे काय निसटते हे दाखवणे हा या अभ्यासक्रमाचा हेतू असल्याचे ते सुरुवातीलाच सांगतात. त्यानंतर उत्क्रांती, जनुकशास्त्र, प्राणिवर्तन, मेंदू, संप्रेरके अशी एकेक बाजू ते स्वतंत्रपणे मांडतात आणि उत्तरार्धात लैंगिक वर्तन, आक्रमकता, भाषा, स्किझोफ्रेनिया अशा प्रत्यक्ष विषयांवर त्या सर्व बाजू एकाच वेळी लावून दाखवतात. सापोल्स्की बोलतात भरभर, पण सूत्र सुटत नाही, आणि आधी जे पटवून दिले त्याच्या मर्यादा पुढच्या व्याख्यानात स्वतःच दाखवण्याची त्यांची पद्धत विद्यार्थ्याला आदराने शंका घ्यायला शिकवते.

ताण आणि स्मृती यांसाठी महत्त्वाचा भाग मालिकेच्या मध्यावर येतो. मेंदूची प्राथमिक ओळख करून देणारी काही सत्रे त्यांच्या साहाय्यक विद्यार्थ्यांनी घेतली आहेत. ती नीटनेटकी आहेत, पण गुरूंच्या शिकवण्याची पकड त्यांना नाही आणि आमची मुले तेथे कंटाळली. ज्याने पी.यू.सी.ला जीवशास्त्र घेतले आहे त्याने ती चाळली तरी चालतील. चौदावे व्याख्यान, लिंबिक सिस्टिमवरचे, मात्र एकदा ऐकून पुरत नाही. भीती, आठवण आणि संप्रेरके यांना जोडणारे मेंदूतील भाग एकमेकांशी कसे बोलतात, अमिग्डाला हा भीतीशी निगडित भाग हिप्पोकॅम्पसवर कसा परिणाम करतो, हे यापेक्षा स्वच्छपणे सांगितलेले मी अन्यत्र ऐकलेले नाही. एकविसावे आणि बाविसावे ही दोन व्याख्याने गुंतागुंतीच्या व्यवस्थांविषयी आहेत. गणिताची आवड असलेल्यांनी ती जरूर ऐकावीत, इतरांना ती जड जातील. पंधराव्या व्याख्यानापासून सुरू होणारा लैंगिक वर्तनाचा भाग शास्त्रीय आणि सभ्य आहे. तरीही मिश्र वयाच्या गटात तो लावण्यापूर्वी शिक्षकांनी स्वतः पाहून घ्यावा.

या मालिकेबाहेर, पण त्याच विद्यापीठाने ठेवलेले, नैराश्यावरचे त्यांचे एक स्वतंत्र व्याख्यान आहे. तासाभरापेक्षाही लहान असलेल्या या व्याख्यानात नैराश्य हा मधुमेहाइतकाच खरा, शरीरात घडणारा आजार आहे, हे ते जीवशास्त्र आणि मानसशास्त्र या दोन्ही बाजूंनी मांडतात, आणि दोहोंना जोडणारा दुवा म्हणून ताणाकडे बोट दाखवतात. ज्या घरांत अजूनही ‘मन घट्ट कर’ एवढाच उपाय सांगितला जातो, त्या घरांतील मोठ्या माणसांनी प्रथम हे व्याख्यान पाहावे. ते ऐकून कोणाला स्वतःविषयी किंवा घरच्यांविषयी काळजी वाटू लागली तर केंद्र सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चालू आहे. हा क्रमांक आम्ही वाचनालयाच्या फलकावर लावून ठेवला आहे.

मालिकेतील उणिवाही सांगितल्या पाहिजेत. २०१० नंतर या विषयात पुष्कळ घडले आहे. उदाहरणार्थ, प्रौढ माणसाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशी जन्मतात का, या प्रश्नावर २०१८ साली दोन गटांनी नेमके परस्परविरोधी निष्कर्ष प्रसिद्ध केले. जुने व्याख्यान ऐकताना तो वाद आपल्या ध्यानात असावा लागतो. इंग्रजीचा वेग ही दुसरी अडचण. पडद्याखालची इंग्रजी उपशीर्षके (सबटायटल्स) चालू ठेवून आणि वेग कमी करून ऐकले तर पी.यू.सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाला बरेच समजते. पण पहिल्या वर्षाच्या, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला शेजारी समजावून सांगणारा माणूस हवाच. आम्ही दर पंधरा-वीस मिनिटांनी थांबून मराठीत उजळणी करत असू, आणि ती उजळणी मी करण्याऐवजी मुलांपैकीच एकाने करावी असा नियम ठेवला होता. तो का ठेवला याचे कारण पुढे येते.

सर्वांत मोठी उणीव माझ्या दृष्टीने अशी की या विषयातील चित्राची दुसरी बाजू बेंगळूरमध्ये उभी राहिली, आणि ती आपल्याला वेगळी वाचावी लागते. राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात, म्हणजे एन.सी.बी.एस.मध्ये, सुमंत्र चॅटर्जी यांच्या प्रयोगशाळेत अजय व्यास, रूपशी मित्रा आणि निम्हान्स या मानसिक आरोग्य व मेंदूविज्ञान संस्थेचे बी. एस. शंकरनारायण राव यांनी २००२ साली एक निबंध प्रसिद्ध केला. उंदरांना दहा दिवस, रोज दोन तास, हालचाल करता येणार नाही असे बांधून ठेवल्यावर हिप्पोकॅम्पसमधील पेशींच्या शाखा अपेक्षेप्रमाणे आखडल्या. परंतु त्याच उंदरांच्या अमिग्डालामध्ये, भीतीच्या भागात, पेशींच्या शाखा वाढलेल्या आढळल्या. तोवर जगभर बहुतेकांचे लक्ष ताणाने काय कमी होते याकडे होते. बेंगळूरच्या गटाने ताणाने काय वाढते ते दाखवले. २००४ साली त्यांनी अशा उंदरांना २१ दिवस ताणाविना राहू दिले, तेव्हा हिप्पोकॅम्पस पूर्ववत झाला, पण अमिग्डालामधील वाढ आणि उंदरांचा भित्रेपणा तसाच राहिला. २००५ साली रूपशी मित्रा आणि सहकाऱ्यांना असे आढळले की केवळ एकदाच दोन तास बांधून ठेवलेल्या उंदरात दुसऱ्या दिवशी विशेष फरक दिसत नाही, पण दहा दिवसांनंतर अमिग्डालामधील पेशींवर नव्या जोडण्यांचे काटे उगवलेले असतात आणि प्राणी अधिक घाबरट झालेला असतो.

हे मी सांगितले तेव्हा येळ्ळूरहून येणाऱ्या एका मुलीने विचारले, “सर, म्हणजे विसरलेलं परत आठवायला लागतं, पण भीती मात्र जात नाही, असं म्हणायचं का?” निपाणीकडच्या एका विद्यार्थ्याने लगेच २०१९ च्या ऑगस्टमधील महापुराचा विषय काढला. वेदगंगा आणि दूधगंगेच्या काठची गावे त्या वेळी पाण्यात होती, आणि पूर ओसरल्यावर घरे सावरली तरी त्याची धाकटी बहीण कित्येक दिवसांनंतर पावसाच्या आवाजाने दचकू लागली होती. आधी नाही, नंतर, हेच घरच्यांना उमगत नव्हते. उंदरावरच्या प्रयोगावरून एका मुलीविषयी निदान करता येत नाही, हे मी दोघांनाही सांगितले. मोजलेल्या २१ दिवसांत भीती गेली नाही म्हणजे ती कधीच जात नाही, असाही त्याचा अर्थ होत नाही. आणि माणसांच्या बाबतीत बोलणे, सोबत, उपचार हे सगळे असते. पण आघातानंतर लगेच काही दिसले नाही म्हणून काही झालेच नाही असे मानू नये, आणि पूरग्रस्त मुलांकडे काही आठवड्यांनी पुन्हा वळून पाहावे, इतके सावध अनुमान काढायला हे संशोधन नक्कीच आधार देते. आपल्या भागातील शाळांनी तेवढे मनावर घ्यावे असे मला कळकळीने वाटते.

चॅटर्जी मूळचे भौतिकशास्त्राचे विद्यार्थी. मेंदूवर काम करायचे तर वैद्यकीय प्रवेशच मिळायला हवा, अशी समजूत आपल्याकडे घट्ट आहे आणि नीटमध्ये गुण कमी पडले की मुले हा विषय कायमचा सोडून देतात. बेळगावच्या एखाद्या महाविद्यालयातून भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र किंवा प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या मुलालाही भारतीय विज्ञान संस्थेतील मेंदूविज्ञान केंद्र, निम्हान्स आणि एन.सी.बी.एस. या तिन्ही संस्थांच्या प्रवेशपरीक्षांची माहिती घ्यायला काही हरकत नाही. तिन्ही बेंगळूरलाच आहेत, एका रात्रीच्या रेल्वे प्रवासावर. मालिका पाहून कुतूहल जागे झालेल्या मुलाला ही वाट त्याच दिवशी दाखवावी. नंतर ते राहून जाते.

परीक्षेच्या भीतीने आठवेनासे होते त्याचे काय, हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो आणि त्याचे कामापुरते उत्तर या मालिकेत मिळत नाही. ते इतर संशोधकांकडून घ्यावे लागते. १९९८ साली डॉमिनिक द क्वर्व्हेन, बेन्नो रूझेंडाल आणि जेम्स मॅकगॉ यांनी उंदरांना पाण्यातील एक जागा शोधायला शिकवली आणि दुसऱ्या दिवशी चाचणीच्या अर्धा तास आधी सौम्य विजेचा धक्का दिला, तेव्हा उंदरांना ती जागा सापडेना; तोच धक्का चाचणीच्या दोन मिनिटे आधी किंवा चार तास आधी दिला तर असा परिणाम दिसला नाही. म्हणजे शिकलेले पुसले गेले नव्हते, संप्रेरक चढलेले असताना ते बाहेर काढणे अवघड झाले होते. पी.यू.सी.च्या सभागृहात प्रश्नपत्रिका हाती पडल्यावर डोके रिकामे वाटणाऱ्या मुलाला हा प्रयोग समजावून सांगितला तर तो स्वतःला ‘ढ’ म्हणणे थांबवतो, हा माझा अनुभव आहे.

उपायाच्या बाजूने २०१६ साली ‘सायन्स’मध्ये आलेला एमी स्मिथ, व्हिक्टोरिया फ्लोर्की आणि आयाना थॉमस यांचा प्रयोग मला सर्वांत उपयोगी वाटतो. १२० जणांपैकी निम्म्यांनी दिलेले शब्द व चित्रे पुन्हा पुन्हा पाहून पाठ केली, निम्म्यांनी एकदा पाहून नंतर पुन्हा पुन्हा न बघता आठवून काढली. दुसऱ्या दिवशी काहींना मुद्दाम तणावाच्या प्रसंगात टाकून तपासले, तेव्हा वाचून पाठ करणाऱ्यांची आठवण ताणाखाली ढासळली, आठवून काढण्याचा सराव केलेल्यांची टिकली. आमच्या वाचनालयात पंधरा-वीस मिनिटांनी थांबून मुलांनीच उजळणी करायची, हा नियम यासाठी होता. परीक्षेपूर्वी दहा मिनिटे मनातील भीती कागदावर लिहून काढल्यास गुण वाढतात, असे २०११ साली ‘सायन्स’मध्येच प्रसिद्ध झाले आणि त्याचा पुष्कळ गवगवा झाला, परंतु २०१८ च्या पुनर्तपासणीत तो परिणाम पुन्हा मिळाला नाही, म्हणून मी तो उपाय मुलांना सांगत नाही.

कॅनडातील मॉन्ट्रियलच्या ताण-संशोधक सोनिया लुपिएन यांनी ताण उत्पन्न करणाऱ्या चार गोष्टी सांगितल्या आहेत: परिस्थितीचे नवेपण, पुढे काय होईल याची अनिश्चितता, स्वाभिमानाला लागणारा धक्का आणि काहीच आपल्या हातात नसल्याची भावना. दहावीपर्यंत मराठीत विज्ञान शिकून जून महिन्यात अचानक इंग्रजी माध्यमाच्या वर्गात जाऊन बसलेल्या, आजूबाजूला कन्नड किंवा इंग्रजी शाळांतून आलेली मुले असलेल्या आणि संध्याकाळची बस चुकू नये म्हणून शंका न विचारताच निघणाऱ्या आमच्या मुलांच्या वाट्याला या चारही गोष्टी एकाच वेळी येतात. त्यांची बुद्धी कमी नसते. पहिल्या सहामाहीतील घसरलेल्या गुणांवरून घरच्यांनी शाखा बदलायला लावू नये, आणि महाविद्यालयांनी या मुलांसाठी पहिल्या दोन महिन्यांत पारिभाषिक शब्दांची ओळख करून देणारे जादा तास ठेवावेत. चारपैकी निदान दोन गोष्टी त्याने कमी होतील.

पाहण्याचा क्रम मी असा सुचवीन. नैराश्यावरचे स्वतंत्र व्याख्यान प्रथम, कारण ते लहान आहे आणि घरातील सर्वांना समजते. त्यानंतर मालिकेतील पहिले, मग थेट चौदावे, आणि तेथे गोडी लागली तर सुरुवातीकडे परत येऊन सगळी मालिका सलग. बहुतेक व्याख्याने दीड तासाच्या आसपास आहेत, त्यामुळे एका बैठकीत एकच पुरे. वाडी-वस्तीवर नेटवर्क तुटते आणि लाईट जाते, म्हणून शहरात असतानाच ॲपमध्ये उतरवून ठेवलेले बरे. बेंगळूरच्या कामाविषयी शिक्षकांनी स्वतः दहा मिनिटे बोलावे, आणि ते चौदाव्या व्याख्यानानंतरच, कारण हिप्पोकॅम्पस आणि अमिग्डाला यांची ओळख झाल्याशिवाय त्यातील नवल लक्षात येत नाही. ज्या वाचनालयांना हा उपक्रम करायचा असेल त्यांनी तो एप्रिल-मेच्या सुट्टीत घ्यावा. जानेवारी-फेब्रुवारीत घेतला तर मुले ऐकतात, त्यांना पटतेही, पण आठवून काढण्याच्या सरावाला वर्षाच्या सुरुवातीपासून लागावे लागते आणि तेवढे दिवस तोवर त्यांच्या हाताशी उरलेले नसतात.